बीजधारी नेच्यांच्या पानांतल्या स्रावी ग्रंथी: त्या कशा दिसतात, कशा शोधायच्या, कुठे फसायला होतं

एकोणिसाव्या शतकात कोळशाच्या खाणींतून निघणारे नक्षीदार पानांचे ठसे सरसकट नेच्यांच्या खात्यात जमा होत. पानं दिसायचीही तशीच, पुन्हा पुन्हा विभागलेली आणि लहान लहान पर्णिकांची. मग १८८३ मध्ये ऑस्ट्रियातले पुराजीवशास्त्रज्ञ दिओनिस श्तूर यांनी एक खटकणारी गोष्ट मांडली. न्यूरोप्टेरिस, अ‍ॅलेथोप्टेरिस अशा काही पानांचे हजारो नमुने तपासले तरी त्यांच्यावर बीजाणुधानी, म्हणजे नेच्यांचे बीजाणू जिथे तयार होतात ती पिशवी, कधीच सापडत नव्हती. पुढे १८९९ मध्ये हेन्री पोटोनिए यांनी खोडांची रचना पाहून नेचे आणि सायकॅड (ताडासारखी दिसणारी, बिया येणारी झाडं) यांच्यामधला एक गट सुचवला. पण या झाडांना बिया येत होत्या, हे दाखवणारा पुरावा तेव्हाही कोणाच्या हाती नव्हता.

तो पुरावा १९०३ मध्ये मिळाला, आणि तो एका ग्रंथीने दिला. इंग्लंडमधल्या कोळशाच्या थरांत लॅजिनोस्टोमा लोमॅक्सी नावाचं सुमारे अर्धा सेंटिमीटर लांबीचं एक बी मिळत असे. ते सुटंच मिळायचं, कुठल्या पानाला किंवा फांदीला जोडलेलं नसायचं. फ्रान्सिस ऑलिव्हर आणि ड्यूकिनफील्ड हेन्री स्कॉट यांनी त्या बियाभोवतीच्या पेलेवजा आवरणाचे पातळ छेद तपासले. आवरणावर देठ असलेल्या आणि डोकं फुगलेल्या ग्रंथी होत्या. अगदी तशाच ग्रंथी त्याच थरातल्या लिजिनोप्टेरिस या वनस्पतीच्या खोडावर, पानाच्या दांड्यावर आणि पर्णिकांवर आधीच माहीत होत्या. तशा ग्रंथींची दुसरी कोणतीही वनस्पती तिथे नव्हती. आवरणातल्या वाहिन्यांची रचनाही जुळली आणि दोघांनी ठामपणे सांगितलं की हे बी याच झाडाचं. बीजधारी नेचे हा गट वनस्पतिशास्त्रात आला तो असा. पुढच्याच वर्षी रॉबर्ट किडस्टन यांना न्यूरोप्टेरिसच्या पानाला प्रत्यक्ष जोडलेलं बी मिळालं.

तेव्हा पानावरचा ठिपका किंवा देठावरची गाठ ही किरकोळ बाब नव्हे. विस्कटलेल्या झाडाचे तुकडे जुळवण्यासाठी तिच्याइतका भरवशाचा धागा क्वचितच मिळतो. अट एवढीच की तो ठिपका खरोखर ग्रंथीचा असला पाहिजे. या लेखातला बराचसा भाग त्या अटीबद्दल आहे.

पानात स्राव कुठे तयार होतो

वनस्पतीच्या स्रावी रचनांचे दोन ढोबळ प्रकार आहेत. काही पानाच्या पृष्ठभागावर असतात, काही आत उतींमध्ये दडलेल्या असतात. जीवाश्मात दोन्ही वेगवेगळ्या पद्धतीने टिकतात आणि त्यांना शोधण्याच्या पद्धतीही वेगळ्या, म्हणून हा फरक सुरुवातीलाच पक्का करून घ्यावा.

पृष्ठभागावर सापडतात ते ग्रंथीरोम. एका किंवा अनेक पेशींचा देठ आणि त्यावर स्राव करणाऱ्या पेशींचं डोकं, अशी त्यांची ठेवण असते. लिजिनोप्टेरिसच्या ग्रंथी दणकट आणि बहुपेशीय आहेत. देठ जाड, डोक्याला बाहेरून बाह्यत्वचेचा थर आणि आत पातळ भित्तिकांच्या बारीक पेशी. आतली नाजूक ऊती बऱ्याच नमुन्यांत विरघळून गेलेली असते आणि डोकं पोकळ दिसतं. ती पोकळी झाड जिवंत असताना होती की कुजताना तयार झाली, हे एका छेदावरून ठरवू नये. शिरांच्या टोकाशी, पानाच्या कडेला असणारी जलरंध्रंही याच गटात मोडतात. तिथे शीर किंचित फुगते आणि वरच्या त्वचेत पाणी बाहेर टाकणारी रंध्रं असतात.

आतल्या रचना तीन आहेत. एकेकटी स्रावी पेशी, गोलसर स्रावी पुटी, आणि लांबच लांब जाणारी स्रावी नलिका. पुटी आणि नलिका यांत फरक फक्त आकाराचा आहे, पण आडव्या छेदात दोन्ही वर्तुळाकारच दिसतात. छेदात गोल पोकळी दिसली म्हणून तिला पुटी म्हणणं ही या विषयातली सर्वांत नेहमीची चूक. उभा छेद घेतल्याशिवाय किंवा लागोपाठचे छेद जुळवल्याशिवाय दोहोंतला निर्णय होत नाही.

पोकळी तयार होण्याचेही दोन मार्ग आहेत. पेशी एकमेकींपासून दूर सरकून मधे जागा झाली, तर त्या जागेभोवती स्रावी पेशींचा अखंड अस्तरथर दिसतो. पेशी स्वतःच विरघळून जागा झाली, तर कडेला तुटक्या भित्तिकांचे अवशेष राहतात. पाठ्यपुस्तकात हा भेद सोपा वाटतो. जीवाश्मात मात्र कुजण्यामुळे अखंड अस्तरही फाटतं आणि पहिल्या मार्गाची पोकळी दुसऱ्या मार्गाची वाटू लागते. म्हणून त्याच छेदातल्या शेजारच्या मऊ पेशी पाहाव्यात. त्यांच्याही भित्तिका विस्कटलेल्या असतील, तर पोकळी कशी घडली यावर भाष्य करू नये. शेजारच्या पेशी नीट शाबूत आणि फक्त पोकळीची कड फाटकी, असं असेल तरच त्या फाटकेपणाला अर्थ आहे.

कोणत्या गटात काय सापडतं

मेड्युलोसा हा बीजधारी नेच्यांतलाच एक गट. त्याच्या झाडांची पानं काही मीटर लांबीची असत. त्यांच्या जाड दांड्यांना मायलोझायलॉन असं स्वतंत्र नाव आहे, कारण ते बहुतेकदा खोडापासून सुटलेलेच मिळतात. दांड्याच्या आडव्या छेदात विखुरलेल्या वाहिन्यांच्या जुड्यांमध्ये असंख्य स्रावी नलिका दिसतात आणि बऱ्याच नलिकांत गडद तपकिरी किंवा काळा ऐवज भरलेला असतो. दांड्याच्या परिघालगत टणक तंतूंच्या पट्ट्या असतात. दगडावर चपटा झालेला असाच दांडा पाहिला की लांबीच्या दिशेने रेघा दिसतात. त्यांतल्या कोणत्या नलिकांच्या आणि कोणत्या तंतूंच्या, हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. याच गटातल्या मॅक्रोन्यूरोप्टेरिस शॉयक्झेरीच्या पर्णिकांवर नुसत्या डोळ्यांनी दिसतील असे लांब केस असतात. ते साधे केस आहेत, ग्रंथी नव्हेत. केस आणि ग्रंथीरोम यांना एकाच रकान्यात टाकलं की पुढची सगळी तुलना बिघडते.

कॅलिस्टोफायटॉन हे छोटं, जमिनीलगत पसरणारं किंवा आधाराने वाढणारं झाड. या विषयात त्याच्याइतकं बोलकं झाड दुसरं नाही. त्याच्या खोडात, पानांत, परागकोशांच्या अवयवांत आणि बियांच्या आवरणात, सगळीकडे गोलसर स्रावी पुट्या आहेत. त्याच्या परागधारी अवयवाला इडानोथेकिऑन ग्लँड्युलोसम असं नाव आहे, म्हणजे ग्रंथी थेट प्रजातीच्या नावात आली आहे. गार रॉथवेल यांनी १९७० च्या दशकात या झाडाचे सुटे अवयव एकत्र आणले, तेव्हा या पुट्यांचा मोठा आधार होता. दगडावर चपटी झालेली त्याची पानं डिक्सोनायटीस प्लुकेनेटी या नावाने ओळखली जातात. याच झाडाच्या कॅलोस्पर्मेरिऑन या बियांत रॉथवेल यांना परागण थेंबाचाही पुरावा मिळाला. बीजांडाच्या टोकाशी येणारा आणि हवेतले परागकण धरून आत ओढणारा हा द्रव म्हणजेसुद्धा स्रावच. पानांच्या विषयात तो बसत नाही, तरी बीजधारी नेच्यांत स्रावाचं कार्य किती ठिकाणी चालत होतं हे त्यावरून कळतं.

 

पानांतल्या स्रावी रचनांचा सर्वांत तपशीलवार अभ्यास मध्य फ्रान्समधल्या ब्लांझी-माँसो या खाणभागातल्या जीवाश्मांवर झाला. हे थर कोळसायुगाच्या अगदी शेवटचे, सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचे. इथल्या चपट्या पानांचा कोळसारूप भाग अशा दर्जाचा आहे की त्यातून पानाचं मेणचट बाह्यपटल, म्हणजे क्युटिकल, मोठ्या तुकड्यांत सोडवता येतं. मिखाएल क्रिंग्स आणि हान्स केर्प यांनी इथल्या अनेक प्रजातींची क्युटिकलं काढून त्यांवरचे रोम, रंध्रं आणि आतल्या पुट्यांचे अवशेष नोंदवले. ब्लांझिओप्टेरिस प्रीडेंटाटा या प्रजातीच्या पानांवरचे ग्रंथीरोम त्यांत विशेष महत्त्वाचे ठरले. क्रिंग्स, टेलर आणि केलॉग यांनी २००२ मध्ये असा अर्थ मांडला की कीटकाचा स्पर्श होताच या रोमांतून चिकट स्राव बाहेर पडत असावा. कासाबनाना या आजच्या भोपळावर्गीय वेलीच्या ग्रंथीरोमांशी त्यांनी तुलना केली. ही वेल जिवंत असल्याने तिच्या ग्रंथीरोमांचा किड्यांवर काय परिणाम होतो हे प्रयोगाने तपासता येतं. नामशेष झाडाच्या वर्तनाबद्दल बोलताना असा जिवंत आधार असणं फार मोलाचं आहे.

दगड झालेल्या ऊतीतून ग्रंथी कशी बघतात

कोळशाच्या थरात मधूनमधून चुनखडीयुक्त गोळे मिळतात, त्यांना कोल बॉल म्हणतात. दलदलीतला पाला कोळसा होण्याआधीच त्याच्या पेशींत कॅल्शियम कार्बोनेट साचलं आणि पेशीन् पेशी आकारासकट टिकली. आतल्या पुट्या आणि नलिका बघायच्या तर हेच उत्तम साधन. त्यातून पातळ पटल उचलण्याच्या पद्धतीला पील म्हणतात. जॉन वॉल्टन यांनी ती १९२८ मध्ये सुचवली. ॲसिटेटची तयार शीट वापरण्याची झटपट पद्धत १९५६ मध्ये आली आणि तीच आजही चालते.

गोळा डायमंड करवतीने पाण्याखाली कापायचा. कापलेला पृष्ठभाग काचेवर सिलिकॉन कार्बाइडच्या भुकटीने घासायचा, आधी २२० नंबरची, मग ४००, शेवटी ६००. प्रत्येक टप्प्यानंतर दगड आणि हात दोन्ही धुवायचे, नाहीतर जाड भुकटीचा एखादा कण शेवटच्या टप्प्यात ओरखडे पाडतो आणि ते ओरखडे नेमके पर्णिकेतून जातात. मग पृष्ठभाग सुमारे ५ टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात १० ते २० सेकंद धरायचा. कार्बोनेट थोडं विरघळतं आणि पेशींच्या सेंद्रिय भित्तिका किंचित वर उभ्या राहतात. हलक्या धारेखाली धुवायचं आणि वाळू द्यायचं. या क्षणापासून पृष्ठभागाला बोट लागता कामा नये, कारण उभ्या राहिलेल्या भित्तिका स्पर्शाने आडव्या पडतात. दगड सपाट बसवून त्यावर ॲसिटोन ओतायचं आणि ॲसिटेटची शीट एका कडेपासून अलगद टेकवत न्यायची. दाबायची नाही. अर्ध्या तासाने शीट ओढून काढली की भित्तिका तिच्यात रुतून बाहेर येतात. ॲसिटोनची वाफ झटकन पेटते, म्हणून खोलीत ज्योत नको आणि हवा खेळती हवी.

ग्रंथी पाहणाऱ्याला इथे तीन गोष्टी नडतात.

पहिली, आम्लाचा वेळ. लाकडी पेशींच्या जाड भित्तिका ३० सेकंदांतही तग धरतात. ग्रंथीच्या डोक्यातल्या पातळ भित्तिका तेवढ्या वेळात इतक्या उंच उभ्या राहतात की धुताना कोलमडतात. पीलमध्ये मग गडद गिचमिड दिसतं आणि पाहणारा त्याला स्राव समजतो. पर्णिका असलेल्या पृष्ठभागाचा पहिला पील १० सेकंदांवर घ्यावा, भित्तिका फिक्या वाटल्या तरच वेळ वाढवावा.

दुसरी, बुडबुडे. ॲसिटोन कमी पडलं किंवा शीट घाईने टाकली की हवा अडकते. हवेचा बुडबुडा सूक्ष्मदर्शकाखाली नेटका गोल, काळ्या ठळक कडेचा दिसतो आणि पर्णिकेच्या मधोमध आला तर पुटी म्हणून सहज खपून जातो. ओळखायची खूण अशी, की खऱ्या पुटीभोवतीच्या पेशी तिच्या कडेला वळून बसलेल्या असतात, तर बुडबुडा पेशींच्या भित्तिकांना वाटेल तिथे कापत जातो. शिवाय तो पुढच्या पीलमध्ये त्याच जागी येत नाही.

तिसरी गोष्ट पायराइट. ते या आम्लात विरघळत नाही. पायराइट भरलेल्या पेशी पीलमध्ये काळे ठिपके होऊन उतरतात. शंका आली की मूळ दगडाचा तोच भाग परावर्तित प्रकाशात पाहावा. पायराइट पितळी चमकतं, स्रावाचा ऐवज चमकत नाही.

एकच पील कधीच पुरेसा नसतो. ग्रंथीचा देठ नेमका छेदाच्या पातळीत सापडणं हा योगायोग आहे. बहुतेकदा पर्णिकेच्या शेजारी नुसतं गोल डोकं सुटं दिसतं आणि ते कुठल्या पानाचं हे कळत नाही. समजा डोकं ०.२ मिलिमीटर रुंद आहे आणि प्रत्येक पीलनंतर ६०० नंबरच्या भुकटीने आपण ०.०५ मिलिमीटर दगड घासतो. मग ते डोकं चार पील्समध्ये दिसून नाहीसं होईल. दर पीलला ०.२ मिलिमीटर घासलं, तर ते जेमतेम एकदा दिसेल आणि देठाचा संबंध हातचा निसटेल. म्हणून दगडाची जाडी सुरुवातीला आणि दर दहा पील्सनंतर मोजून सरासरी काढावी आणि प्रत्येक पीलवर क्रमांक व वरची बाजू लिहावी. पील उलटा ठेवला गेला की पानाची वरची आणि खालची बाजू सोडाच, डावं-उजवंही बदलतं.

चपट्या पानातून क्युटिकल काढताना

दगडावर काळ्या कोळशाच्या पापुद्र्यासारखी उरलेली पानं वेगळी वागणूक मागतात. पापुद्र्याचा तुकडा दगडापासून सुटत नसेल तर सिलिकेट खडक विरघळवायला हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरतात. हे आम्ल त्वचेतून आत शिरून हाडांपर्यंत जातं आणि सुरुवातीला फारसं दुखतही नाही. फ्यूम हूड (विषारी वाफा ओढून घेणारं कपाट), योग्य हातमोजे, चेहऱ्याचं संरक्षण आणि हाताशी कॅल्शियम ग्लुकोनेट जेल नसेल तर ते उघडायचंच नाही. एकट्याने तर कधीच नाही. पुढचा टप्पा शुल्झच्या द्रावणाचा, म्हणजे संहत नायट्रिक आम्ल आणि पोटॅशियम क्लोरेटचे थोडे स्फटिक. तेही हूडमध्येच करायचं. हे मिश्रण तीव्र ऑक्सिडीकारक आहे. ते सुकू द्यायचं नाही आणि ॲसिटोन, अल्कोहोल असं काहीही त्याच्या जवळ आणायचं नाही.

काळा तुकडा हळूहळू तपकिरी, मग मधाच्या रंगाचा होतो. कोळशाच्या प्रकारानुसार याला काही तास लागतात किंवा काही दिवस. मग पाणी बदलत बदलत आम्ल पूर्ण धुवायचं आणि तुकडा पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या २ ते ५ टक्के द्रावणात टाकायचा. गडद तपकिरी रंग बाहेर पडतो आणि क्युटिकल स्वच्छ होतं. आम्ल नीट धुतलं नसेल तर इथे जोरात अभिक्रिया होऊन क्युटिकलच्या चिंध्या होतात. शेवटी बारीक सुयांनी वरचं आणि खालचं पटल वेगळं करून ग्लिसरीन जेलीत बसवायचं.

आता या पद्धतीतली ग्रंथींच्या दृष्टीने खरी अडचण. क्युटिकल पानाच्या बाहेरच्या बाजूला असतं. आतल्या पुटीला क्युटिकलचं अस्तर नसतं. चपट्या पानात पुटीचा जो अवशेष उरतो तो तिच्यातल्या घट्ट झालेल्या ऐवजाचा, आणि तो वरच्या-खालच्या पटलांच्या मधे गोल तपकिरी ठिपक्यासारखा चिकटलेला असतो. ऑक्सिडीकरण जितकं लांबेल तितकं क्युटिकल स्वच्छ आणि छायाचित्राला देखणं होतं, पण हा ऐवजही निघून जातो. मग सर्वांत सुंदर तयारीत पुट्या नाहीत असा निष्कर्ष निघतो, आणि तो चुकीचा असतो. उपाय साधा आहे. एकाच पर्णिकेचे किंवा शेजारच्या पर्णिकांचे पाच-सहा तुकडे करून ते वेगवेगळ्या वेळी द्रावणातून बाहेर काढायचे. पहिला तुकडा अगदी लवकर, जेमतेम प्रकाश आरपार जाऊ लागला की लगेच. पुट्या दिसतील तर त्याच तुकड्यात. रोम आणि रंध्रं नंतरच्या तुकड्यांत पाहावीत. वरचं-खालचं पटल वेगळं करण्याआधीही एक छायाचित्र घ्यावं, कारण वेगळं करताना ठिपके कोणत्या तरी एका पटलाबरोबर जातात किंवा गळून पडतात.

ग्रंथीरोमांची अडचण उलट आहे. त्यांच्यावर क्युटिकल असतं, पण डोकी गळतात. उरतो तो फक्त तळ: जाड कडेची गोल खूण आणि तिच्याभोवती किरणांसारख्या मांडलेल्या बाह्यत्वचेच्या पेशी. नुसत्या तळावरून तो रोम साधा होता की ग्रंथीचा हे सांगता येत नाही. त्याच पानावर देठासकट डोकं शाबूत असलेले काही रोम सापडले, त्यांचे तळ तसेच असले, तरच बाकीचे तळ ग्रंथीरोमांचे मानावेत. डोकी बहुतेकदा खोलगट भागात, मधल्या शिरेच्या कडेला आणि पर्णिकेच्या बुडाशी टिकतात. शोध तिथूनच सुरू करावा.

चपट्या पानांबद्दल एक दिलासा देणारी गोष्टही आहे. वरच्या गाळाच्या भाराने पान उभ्या दिशेने दबतं, आडवं फारसं पसरत नाही. त्यामुळे वरून दिसणारा पुटीचा व्यास कोल बॉलमधल्या पुटीच्या व्यासाशी ताडून बघता येतो. उंची मात्र गेलेली असते, तिच्याबद्दल अंदाज बांधू नये.

प्रत्येक काळा ठिपका ग्रंथी नसतो

पानावर वाढणाऱ्या बुरशीचे गोल अवयव, पायराइटचे सूक्ष्म गोळे, कोळशाचे चिकटलेले कण, कीटकांनी अंडी घालताना पाडलेल्या खुणा, या सगळ्यांनी ग्रंथीचं सोंग घेतलेलं आढळतं. सर्वांत आधी मांडणी पाहावी. पुट्या शिरांच्या मधल्या जागेत, आकाराने एकसारख्या आणि पर्णिकेगणिक त्याच रीतीने येतात. बुरशी एका पानावर दाट आणि शेजारच्यावर शून्य असू शकते, तिचे ठिपके लहान-मोठे असतात आणि शिरांची पर्वा न करता पसरतात. अंड्यांच्या खुणा लांबट असतात, अनेकदा रांगेत, आणि त्यांच्या कडेला जखम भरल्याची जाड ऊती दिसते. पायराइटचे गोळे नायट्रिक आम्लात विरघळतात आणि क्युटिकलवर त्यांचे खळगे तेवढे उरतात. ते खळगे नंतर ग्रंथींच्या खुणा म्हणून मोजले जाऊ नयेत, यासाठी आम्लात टाकण्याआधीचं छायाचित्र हवंच.

पानाचा ठसा दोन दगडांवर, समोरासमोर उमटलेला असेल तर दोन्ही बाजू पाहाव्यात. निळ्या किंवा अतिनील प्रकाशातली प्रतिदीप्तीही, म्हणजे तो प्रकाश पडल्यावर पदार्थाचं स्वतः चमकणंही, मदत करते. राळेसारखा ऐवज बऱ्याचदा पिवळसर चमकतो, खनिज कण तसे चमकत नाहीत. मात्र क्युटिकलही चमकतं, आणि कोळसा जास्त तापलेला असेल तर काहीच चमकत नाही. म्हणून न चमकणं हा ग्रंथी नसल्याचा पुरावा धरू नये.

मोजणीबद्दल थोडं. एका चौरस मिलिमीटरमध्ये किती ग्रंथी, हा आकडा वरच्या आणि खालच्या बाजूसाठी वेगळा, शिरेवर आणि शिरांमध्ये वेगळा द्यावा. पर्णिका पानाच्या कुठल्या भागातली हेही लिहावं. ग्रंथीरोम पान अगदी कोवळं असतानाच तयार होतात. पुढे पान पसरतं, रोमांची संख्या तितकीशी वाढत नाही, त्यामुळे दाटी कमी होते. कोवळ्या पानाचा आकडा आणि जून पानाचा आकडा शेजारी ठेवून दोन वेगळ्या प्रजाती कल्पिणं हे या विषयात सहज घडू शकणारं पाप आहे. रंध्रांची दाटी त्याच तुकड्यावर मोजून ठेवली तर पान किती पसरलं होतं याचा अंदाज येतो.

त्या ग्रंथींत काय होतं आणि कशासाठी

आकारावरून रसायन कळत नाही. मायलोझायलॉनच्या नलिकांना कुणी राळनलिका म्हणतं, कुणी श्लेष्मनलिका, म्हणजे बुळबुळीत द्रवाची नलिका. छेदातला काळा ऐवज पाहून यांपैकी एक नाव निवडणं म्हणजे निव्वळ अंदाज. रसायन तपासण्याची एक वाट कोळशातून जाते. काही कोळशांत राळेचे बारीक, कांडीसारखे तुकडे मिळतात आणि मेड्युलोसा गटाच्या नलिकांतला ऐवज घट्ट होऊन ते बनले असं मानलं जातं. त्यांच्या विश्लेषणातून आजच्या ओळखीच्या राळांशी न जुळणारी रचना पुढे आली. दुसरा धागा अमेरिकेतल्या इलिनॉयमधल्या कोळशाचा. तिथल्या ३२ कोटी वर्षांपूर्वीच्या अंबरचं विश्लेषण ब्रे आणि अँडरसन यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलं. त्याची रेणुरचना ज्या प्रकारची निघाली तो प्रकार तोवर फक्त सपुष्प वनस्पतींच्या राळेत माहीत होता, आणि सपुष्प वनस्पती तर त्यानंतर कितीतरी काळाने अवतरल्या. म्हणजे गुंतागुंतीची राळ बनवण्याची क्षमता बीजधारी वनस्पतींच्या फार जुन्या पिढ्यांत आली होती. ते अंबर अमुक एका बीजधारी नेच्याचं, असं मात्र त्यावरून म्हणता येत नाही.

उपयोगाबद्दल बोलताना आजूबाजूचे प्राणी लक्षात घ्यावेत. कोळसायुगाच्या उत्तरार्धात वनस्पतीत सोंड खुपसून रस शोषणारे कीटक होते, पानांच्या कडा कुरतडल्याच्या खुणा बीजधारी नेच्यांवर मिळतात आणि कोल बॉलमध्ये वनस्पतीच्या तुकड्यांनी भरलेली विष्ठाही सापडते. पृष्ठभागावरचा चिकट रोम छोट्या किड्याला पानावर चालू देत नाही. आतली पुटी कुरतडलं गेल्यावरच कामाला येते: ऐवज बाहेर येतो, तोंडाला चिकटतो, जखमही बंद करतो. दोन्ही रचना एकाच पानावर असतील तर बचावाच्या दोन पायऱ्या होत्या असं म्हणायला जागा आहे. पण हे म्हणणं तपासता येण्याजोगं करावं. कुरतडलेल्या आणि न कुरतडलेल्या प्रजातींमधली ग्रंथींची दाटी मोजावी, आणि कुरतडल्याची कड झाड जिवंत असतानाची आहे याची खात्री जखमेच्या जाड ऊतीवरून करून घ्यावी. गळून पडलेलं पान कुजखाऊ प्राण्यांनी खाल्लं असेल तर ग्रंथींचा त्याच्याशी काही संबंध नाही.

ग्रंथीवरून अवयव जुळवताना

ऑलिव्हर आणि स्कॉट यांचा युक्तिवाद आजही जसाच्या तसा वापरता येतो, पण त्याचे सगळे दुवे हवेत. ग्रंथी दोन्ही अवयवांवर आहे एवढं पुरत नाही. तिचा देठ किती पेशींचा, डोक्याची मांडणी कशी, अस्तर आहे की नाही, आतला ऐवज कसा, हे सगळं जुळलं पाहिजे. दोन्ही अवयव एकाच थरात आणि शक्यतो एकाच गोळ्यात पुन्हा पुन्हा बरोबर मिळाले पाहिजेत. त्या थरात तशीच ग्रंथी असणारी दुसरी वनस्पती नाही, हे त्या थराची पूर्ण यादी तपासूनच म्हणता येतं. देठ आणि फुगलेलं डोकं ही ठेवण वनस्पतिसृष्टीत अनेकदा स्वतंत्रपणे उगवलेली आहे, म्हणून फ्रान्समधलं पान आणि इलिनॉयमधलं बी केवळ ग्रंथीवरून जोडता येणार नाही. आणि वाहिन्यांची रचना विरुद्ध साक्ष देत असेल तर ग्रंथीचं साम्य बाजूला ठेवावं.

नोंद करताना ग्रंथी नाहीत आणि ग्रंथी दिसल्या नाहीत हे दोन वेगळे रकाने ठेवावेत. दुसऱ्या रकान्यात टिकण्याचा प्रकार, ऑक्सिडीकरणाचा वेळ, पाहिलेलं एकूण क्षेत्रफळ आणि पानाची कोणती बाजू पाहिली हे लिहावं. पहिल्या रकान्यात काही लिहायचं तर चपट्या पानांबरोबर कोल बॉलमधले छेदही तपासलेले असावेत, आणि त्याच तयारीत दुसऱ्या एखाद्या प्रजातीच्या ग्रंथी नीट दिसलेल्या असाव्यात.